दोनदा विकत घेतलेली आल्टे

आल्टेकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका बाईच्या आरोळीमुळे. झावोलिन्कात येऊन मला तेव्हा एक दिवसही झाला नव्हता. गावाला मुलांना अक्षरं शिकवायला मास्तर हवा आहे, एवढं ऐकून मी आलो होतो आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसून बुटांचा चिखल खरवडत होतो. समोरच्या अंगणातून आवाज आला, "म्हातारे! अगं ए म्हातारे! किती हाका मारायच्या? सूप निवून पाणी झालं!"

मी पटकन उठून उभा राहिलो. कुणी आजीबाई काठी टेकत येतील, त्यांना बसायला जागा द्यावी, असा माझा विचार. तेवढ्यात बदकांच्या खुराड्याखालून चारएक वर्षांची मुलगी रांगत बाहेर आली. केसांत पिसं, नाकावर माती. मला पाहून ती थांबली.

"तू उभा का राहिलास?"

"म्हातारं माणूस येतंय म्हणून."

"आले मी," ती म्हणाली. "बस आता."

आल्टे हे तिचं नाव, आणि आमच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थच म्हातारी. पण ती हाकेला ओ देऊन सरळ घरी गेली नाही. आधी रस्ता ओलांडून समोरच्या घराच्या दारात उभी राहिली. तिथल्या सडपातळ बाईने तिच्या हातावर सफरचंदाची फोड ठेवली. बाईचा दुसरा हात मुलीच्या डोक्याकडे गेला आणि मधेच थांबला. "मावशी, अजून एक," मुलगी म्हणाली. मावशीने अजून एक दिली, आणि मुलगी सूप प्यायला पळाली. ती दिसेनाशी झाल्यावरही ती बाई दारातून हलली नाही.

आमच्याकडे मास्तराचं जेवण गावात पाळीपाळीने असतं. माझी पहिली पाळी त्या आरोळी ठोकणाऱ्या बाईंकडे होती. त्यांचं नाव झ्लाते. नवरा कोपेल हा गावाचा खाटीक, म्हणजे धर्माच्या नियमाप्रमाणे पाखरं-जनावरं कापणारा. आणि झ्लाते बदकं पाळायची, विकायची. जेवताना मी विचारलं, "ती समोरची बाई मुलीची मावशी का?"

झ्लातेने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "मावशी कसली? आई आहे ती. पण हे मोठ्याने बोलायचं नाही, मास्तर. मोठ्याने बोलायचं तर आई मी."

समोरचं घर गावाचे धर्मगुरू रब्बी मेशुलम यांचं, आणि ती बाई त्यांची बायको ब्राइने. त्यांची मुलं जन्मायची आणि पाळण्यातच जायची. शेवटची ही मुलगीही तापाने निपचित पडली, दूध घेईना. मग घराण्याच्या जुन्या रीतीप्रमाणे त्यांनी तिला विकायचं ठरवलं. ज्या घरातली सगळी मुलं जगली आहेत अशा बाईला आजारी मूल विकायचं, त्याचं नाव बदलून म्हातारा किंवा म्हातारी ठेवायचं. मृत्यूचा दूत आला की त्याला सांगायचं, तू शोधतोस ते मूल या घरात नाही. झ्लातेचे सगळे मुलगे दगडासारखे टणक होते.

"फुकट नाही घेतली हं," झ्लाते म्हणाली. "मी भाव केला. रब्बी म्हणाले एक ग्रोश. मी म्हटलं, एक ग्रोश? या हाडांचा? एवढ्यात माझ्याकडे चरबीसकट बदकाची तंगडी येते. ब्राइने रडायला लागली, तिला वाटलं मी खरंच नको म्हणतेय. अगं वेडे, तो दूत दारात उभा ऐकतोय ना! त्याला पटायला नको, की माल अगदीच टाकाऊ आहे? शेवटी अर्ध्या ग्रोशाला घेतली, शालीखाली लपवून घरी आणली, आणि पहाटे हिने माझं बोट चोखलं."

मुलीचं लग्न होईपर्यंत हा सौदा मोडायचा नव्हता. लग्नाच्या दिवशी, वधूला लग्नविधीच्या छताखाली उभं करण्याआधी, खऱ्या आईबापांनी तिला परत विकत घ्यायचं. तोवर ब्राइने फक्त मावशी.

रब्बी मेशुलम यांच्याबद्दल बाहेरगावचे लोक पुष्कळ सांगतात. मी त्यांच्या समोरच्या गल्लीत आयुष्य काढलं, म्हणून थोडंच सांगतो. ते नव्या वाटेचे होते. रडत कण्हत देवाची सेवा करण्यापेक्षा आनंदाने केलेली बरी, असं म्हणणारे. प्रार्थना करताना टाळ्या वाजवायचे, कधी भिंतीला हात लावून डोलायचे. गाडीवाले, शिंपी, कलालखान्यातले नोकर त्यांच्याकडे यायचे, कारण ते कुणाला अडाणी म्हणत नसत. हातात येईल ते देऊन टाकायचे. म्हणून ब्राइने एक पातेलं कायम पलंगाखाली ठेवायची. नाहीतर स्वयंपाकाला काही उरलं नसतं. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, त्यांच्या पंगतीत माणसं मावत नसत. त्यांनी एक घास खाल्ला की ताटातलं उरलेलं घ्यायला झुंबड उडायची. ब्राइने मला एकदा म्हणाली होती, "मास्तर, लोकांना त्यांचं उष्टं मिळतं. त्यांना जेवण कधी मिळतं, ते मला सांगा."

आल्टे या दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर वाढली. झ्लातेकडे जेवायची, झोपायची, मार खायची; आणि शब्बाथच्या संध्याकाळी रब्बींच्या दाराच्या चौकटीला टेकून गाणी ऐकायची. तिला सगळं ठाऊक होतं. आमच्या गावात कुठलंही गुपित कुठल्याही मुलापासून लपत नाही. एकदा तिने मला विचारलं, "मावशी मला कधीच मारत नाही. मी तिची आवडती नाही का?"

मग गावात सुऱ्यांचं भांडण आलं. नव्या वाटेच्या लोकांना पातळ, दगडावर घासून आरशासारखी केलेली सुरी हवी होती. कोपेलची सुरी जुन्या घडणीची, जाड पात्याची. नियमाला ती कुठे कमी नव्हती. रब्बी स्वतः तसं म्हणत. पण रब्बींच्या भोवतीची माणसं रब्बींहून कडक होती. त्यांचा म्होरक्या हेर्श-वोल्फ, लाकडाचा व्यापारी, मोठ्या दाढीचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. त्याने बाहेरून स्वतःचा खाटीक आणला. बघता बघता गावात दोन चुली झाल्या. जुन्या वाटेच्या घरी नव्या वाटेचा माणूस गेला तर पाणी प्यायचा आणि उठायचा.

ब्राइनेही मग झ्लातेकडे पाणीच प्यायला लागली. ती भित्री नव्हती, पण रब्बींची बायको होती आणि शंभर डोळे तिच्या हाताकडे असायचे. झ्लातेने तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त त्या दिवसापासून तिने 'ब्राइने' म्हणणं सोडलं आणि 'रब्बीणबाई' म्हणायला लागली. "या रब्बीणबाई. पाणी गार देऊ की कोमट?"

एका शब्बाथला हेर्श-वोल्फने पंगतीतच विषय काढला. "रब्बी, एक बोलतो, राग मानू नका. तुमची स्वतःची पोर जुन्या सुरीचं खाते."

"माझी पोर?" रब्बी म्हणाले. "मला मूल नाही, हेर्श-वोल्फ. होतं ते मी विकलं. सगळ्या गावाला माहीत आहे."

"ती नावापुरती विक्री!"

"नावापुरती विकली असती तर ती नावापुरतीच जगली असती." रब्बींचा आवाज चढला नव्हता, पण टाळ्या थांबल्या होत्या. "देवाला फसवू नये, हे तर आहेच. मृत्यूच्या दूतालाही फसवू नये. तोही नोकरमाणूस. ती झ्लातेची आहे, आणि झ्लातेच्या घरी झ्लातेच्या चुलीवरचं खाते. मासे घे."

हेर्श-वोल्फने मासे घेतले, पण तो ते विसरला नाही.

आल्टे लग्नाची झाली तेव्हा रब्बींचं नाव लांबवर गेलं होतं. एका मोठ्या घराण्यातून मध्यस्थ आला. हेर्श-वोल्फनेच बोलावला होता. रब्बींनी त्याला बसूही दिलं नाही. "समोरच्या घरात जा. माल तिकडे आहे."

झ्लाते पिसं काढत होती. "मुलगा काय करतो?"

"शिकतो."

"आणि मग?"

"मग आणखी शिकतो."

"आणि आमची म्हातारी काय खाईल? पानं? वह्यांची की झाडांची?"

मध्यस्थाने आल्टेकडे पाहिलं. तिने एप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "मला ओझेर चालेल. तो पिंपं करतो. आणि त्याचं दुकान दोन्ही घरांच्या मधे आहे."

ओझेरला हे त्या दिवशी दुपारी कळलं. तो खूश झाला, पण त्याच्या हातून एक पिंप गळकं निघालं.

लग्नाच्या जेवणात कोणाचीच सुरी मधे येऊ नये म्हणून सगळं जेवण मासे आणि दुधातुपाचं ठरलं. चीज भरलेल्या करंज्या, वर आंबट साय. आमच्याकडे मांस आणि दूध एका पंगतीत येत नाही, आणि मांस खाल्लं की पुढचे कित्येक तास दुधाचा थेंबही चालत नाही. तेव्हा मांस नाही म्हटल्यावर भांडणही नाही, असं सगळ्यांना वाटलं.

लग्नाच्या सकाळी ब्राइने रुमालात नाणं बांधून मला बोलवायला आली. सौद्याला साक्षीदार हवा, आणि दोन्ही बाजूंच्या घरी जेवणारा गावात मी एकटाच. आम्ही रस्ता ओलांडला. आल्टे लग्नाच्या कपड्यांत, उपाशी, कोपऱ्यात बसली होती. वधूचा त्या दिवशी छताखाली जाईपर्यंत उपास असतो. झ्लाते चुलीपाशी, आमच्याकडे पाठ करून.

"झ्लाते, मी आले," ब्राइने म्हणाली.

"बसा रब्बीणबाई. पाणी देते."

"मी पाण्याला नाही आले. सौद्याला आले."

"माल विकायचा नाही."

मला वाटलं, नेहमीची घासाघीस. पण झ्लाते वळली तेव्हा तिचा चेहरा ओला होता. अंगणात वाद्यवाल्यांनी सूर लावायला सुरुवात केली होती. इतक्या वर्षांची ब्राइनेची वाट दाराशी येऊन अडली होती. मुलगी परत घेतली नाही तर छत उभं राहणार नव्हतं, आणि उभं राहिलं असतं तरी त्याखाली आई म्हणून ती जाऊ शकली नसती.

"का गं?" ब्राइनेने विचारलं.

"का? आज तुझ्या हाती दिली की ती रब्बींची लेक झाली. रब्बींची लेक माझ्या घरी काय घेणार? पाणी! माझ्या हातचं खाऊन एवढी झाली ती, आणि उद्यापासून पाहुणीसारखी पाणी पिऊन जाईल. त्यापेक्षा राहू दे माझी म्हातारी, बिनलग्नाची."

"मी खाईन की," आल्टे म्हणाली.

"तू खाशील आणि ते लाकूडवाले तुझ्या पोरांना वाळीत टाकतील. तू गप्प बस. माल बोलत नसतो."

ब्राइने चुलीकडे बघत होती. "पातेल्यात काय आहे?"

"मान." बदकाच्या मानेच्या कातड्यात पीठ, कांदा आणि चरबी भरून, शिवून, मंद आचेवर ठेवलेली मान. आल्टे लहानपणापासून तिच्यावर जीव टाकायची. त्या घरातल्या तिच्या शेवटच्या दिवशी झ्लातेने ठरलेल्या जेवणाची पर्वा न करता ती रांधली होती.

"कोणाच्या सुरीची?"

"या घरात दुसऱ्या कोणाची असणार?"

ब्राइनेने शाल काढून खुंटीला लावली. हात धुतले, भाकरीचा तुकडा मोडून आशीर्वाद म्हटला, आणि मेजाशी बसली. "वाढ."

झ्लाते हातात पळी घेऊन उभीच. "रब्बीणबाई, बाहेर माणसं आहेत."

"असू देत. तू वाढतेस की मी घेऊ?"

तिने खाल्लं. हावरटासारखं नाही, आणि चव बघितल्यासारखंही नाही. घरात जेवतो तसं. दोन फोडी झाल्यावर झ्लाते खाली बसली. "पुरे, ब्राइने. पुरे गं."

"पुरे कसं? अजून भाव कुठे ठरला?"

मग मात्र झ्लातेने डोळे पुसले आणि तिच्यातली बाजारवाली जागी झाली. ब्राइनेने पुढे केलेलं नाणं तिने उलटसुलट करून पाहिलं. "एक ग्रोश? मी घेतली तेव्हा नुसती हाडं होती. आता दात बघ, दंड बघ. मास्तर, तुम्ही साक्षीदार ना? बोला काहीतरी!"

"मी फक्त ऐकतो," मी म्हणालो.

"एक ग्रोश, आणि अजून एक फोड खाते," ब्राइने म्हणाली.

"झाला सौदा. फोड मोठी घे."

ती खाऊन झाल्यावर ब्राइनेने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिने बराच वेळ काढला नाही. वाद्यवाले एकच धून पुन्हा पुन्हा वाजवत बसले.

छताखाली सगळं रीतसर झालं. मग पंगत बसली, पुरुष इकडे, बायका तिकडे. हेर्श-वोल्फच्या बायकोने करंज्या वाढायला घेतल्या आणि ब्राइनेपाशी अडखळली. "घ्या ना रब्बीणबाई. वधूची आई, आणि ताट कोरडं?"

"नको. मला चालणार नाही."

"का बरं? साय ताजी आहे!"

"मी मांस खाऊन आले."

बायकांच्या बाजूची कुजबुज पुरुषांच्या बाजूला पोहोचायला वेळ लागला नाही. करंज्या हातातच राहिल्या. रब्बींनी मान वर केली. "काय म्हणतेस? कुठे खाल्लंस?"

"लेकीच्या माहेरी."

सगळे रब्बींकडे बघत होते. मीही. त्यांनी एक शब्द बोलावा आणि ब्राइनेला उठून जावं लागावं, अशी ती वेळ होती. रब्बींनी दाढी कुरवाळली.

"काय होतं?"

"भरली मान."

"कशी झाली होती?"

"मीठ जरा जास्त."

"मीठ बरोबर होतं!" दुसऱ्या टोकाहून झ्लाते ओरडली.

रब्बी हसायला लागले. हसता हसता त्यांनी टाळी वाजवली, आणि मग दुसरी, आणि वाद्यवाल्यांना ती नाचाची खूण वाटली. हेर्श-वोल्फ उठला, टोपी नीट केली आणि निघून गेला. त्याच्यामागे पंगतीचा चांगला अर्धा भाग गेला. ते परत आले नाहीत. पलीकडच्या गावात त्यांनी दुसरे रब्बी शोधले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा खाटीकही गेला. नंतरचे शब्बाथ आमच्याकडे मोकळे मोकळे असायचे. चुलीत लाकडंही कमी पडायची, कारण ती हेर्श-वोल्फच्याच वखारीतून यायची. रब्बींना मी कधी कुरकुरताना ऐकलं नाही. "आता कोपर पसरून बसता येतं," ते म्हणत. आणि खरं सांगायचं तर, ताटाभोवतीची झुंबड कमी झाल्यावर त्यांना पोटभर जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेही बरेचदा रस्त्यापलीकडून आलेलं.

आल्टेच्या तोंडी मात्र 'आई' बसेना. मावशी, मावशी करत राहायची आणि जीभ चावायची. "असू दे," ब्राइने म्हणायची, "जीव राहिला, जीभ वळेल." वळली ती पहिल्या बाळंतपणात. कळा असह्य झाल्या तेव्हा ती "आई गं!" म्हणून ओरडली, आणि दोन्ही बायका एकदम पलंगाकडे धावल्या. त्यांची डोकी इतक्या जोरात आपटली, की सुईणीने आधी त्यांना बसवलं. मूल सुखरूप झालं. त्याला कोणाला विकावं लागलं नाही.

त्या चौघा म्हाताऱ्यांचं शेवटपर्यंत तिनेच केलं. कोपेलचे डोळे गेले तेव्हा त्याला हात धरून प्रार्थनेला नेणारी तीच, आणि रब्बींच्या पायांना गरम विटा लावणारीही तीच. ब्राइने गेली तेव्हा झ्लाते तिच्या उशाशी होती आणि तिला चमच्याने सूप पाजत होती. एकदा मी आल्टेला म्हटलं, "दोन घरांचं करताकरता तुझं आयुष्य गेलं." तिला ते आवडलं नाही.

"मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, पण हिशोब चुकता. लोकांना एक आई मिळते, तीही न मागता. मला दोघींनी विकत घेतलं. घासाघीस करून! माझ्याएवढी श्रीमंत गावात दाखवा."

माझी शाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली. आठवणी लिहायला बसलो की मोठी माणसं आधी आठवायला हवीत, पण या रस्त्याचीच आठवण आधी येते. या गावात माझी जेवणाची पहिली पाळी त्या घरात आली, याबद्दल मी देवाचा ऋणी आहे.

झ्लातेचे मुलगे आपापल्या धंद्यांना पांगले होते. आई गेल्यावर घराचं काय करायचं ते ठरवायला ते जमले, आणि न भांडता त्यांनी ते बहिणीला दिलं. आल्टे आता तिथेच राहते. बदकं ठेवत नाही. गुडघ्यांमुळे त्यांच्या मागे पळवत नाही. दोन शेळ्या आहेत, आणि त्यांचं दूध ती स्वतः काढते.